झाकणाच्या आतली दुसरी खूण

मनोहर, तुझ्या दातांना काहीही झालेलं नव्हतं.

अडीच वर्षं तू मला सांगत होतास की चिपळूणला दात दाखवायला जातो. पंधरा-वीस दिवस गेले की सकाळची एसटी, खांद्याला ती निळी पिशवी, आणि संध्याकाळी परत. मी म्हणायचो, "अरे, माणसाला दात बत्तीस. तुझे एव्हाना चौसष्ट दुरुस्त झाले असतील." तू गालावर हात ठेवून हसायचास. ते गालावर हात ठेवणं आठवलं की मला जास्त संताप येतो. खोटं बोललास ते बोललास, वर नाटक कशाला?

तुला जाऊन एक महिना होत आला. तेराव्याला तुझ्या पडवीत बसून सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. मलाही म्हणाले, रघुनाथराव, तुम्ही बोला, तुमच्याइतका जवळचा कोण होता. मी बोललो नाही. तू गेलास हेच मला तेव्हा पटत नव्हतं. आता पटलंय, आणि बोलण्यासारखंही पुष्कळ जमलंय. फक्त ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही, तुलाच सांगण्यासारखं आहे.

झालं असं, की तेराव्यानंतर चार दिवसांनी तुझ्या नावाने पुण्याहून पार्सल आलं. आपले ते डॉक्टर, जुन्या मोटारी हौसेने बाळगणारे. तू गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. आत मोटारीच्या डॅशबोर्डावरचं घड्याळ आणि इंग्रजीत चिठ्ठी. सुमनवहिनींनी वाचून दाखवली. घड्याळ उत्तम चाललंय, पण काच तडकली आहे, नवी बसवून द्या, मिस्त्रींना नमस्कार सांगा. मिस्त्री म्हणजे मी. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, तू गेल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं ते त्या नमस्काराने.

घड्याळ तुला आठवेल. काळ्या तबकडीचं, सहा व्होल्टचं, अमेरिकन गाडीतलं. दर दीड मिनिटाला आतली कॉईल टक् करून स्प्रिंगला चावी देते आणि पुढे चालत राहतं. तूच ते ओळखलं होतंस. आणणारा माणूस म्हणत होता इंग्लंडच्या गाडीतलं, आणि तू नुसती पाठीमागची बसवायची पट्टी आणि काट्याचं टोक बघून म्हणालास, "सपशेल चूक. हे समुद्रापलीकडचं, पण दुसऱ्या समुद्रापलीकडचं."

काच बदलायला पाठ उघडायची गरज नसते. पण आपलं काम वर्षभर चालून परत आलंय म्हटल्यावर बघावंसं वाटतं. दुकानात आणून मी पाठ उघडली.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नव्हती. मुद्दाम लपवली असं नाही, ती कारागिरांची आपापसातली गोष्ट असते. घड्याळाचं काम संपलं की दुरुस्त करणारा पाठीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने खूण करतो. आपलं अक्षर आणि तारीख. मालकाला ती कधी दिसत नाही. पुढे कधी कोणा कारागिराने उघडलं तर त्याला कळावं, की बाबा, तुझ्याआधी इथे कोणाचा हात लागून गेलाय. माझा 'र' शेवटी जरा लांब ओढलेला असतो. त्या झाकणात माझा र होता. आणि त्याच्याखाली, वीस दिवसांनंतरची तारीख घालून, एक वाटोळं आणि वाटोळ्यात टिंब.

वाटोळ्यात टिंब ही खूण सबंध जिल्ह्यात एका माणसाची. चिपळूणच्या म्हादूची.

भिंग डोळ्यावरून काढलं, पुसलं, परत लावलं. खूण तिथेच. मग तुझ्या घरी आलो आणि वहिनींना म्हटलं, मनोहरने पाठवायला बांधून ठेवलेली दोन घड्याळं आहेत ती द्या. तिथेच पडवीत बसून उघडली. दोन्हीत माझा र, आणि दोन्हीत त्याचं वाटोळं.

तुला घड्याळं ओळखता येत होती मनोहर, उघडता येत नव्हती. म्हणून सापडलास.

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

वहिनी पाण्याचा तांब्या ठेवत होत्या. तो ठेवला आणि दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. "होय," म्हणाल्या. "मी त्यांना कितीदा सांगितलं, रघुनाथभावजींना सांगून टाका एकदा. तर म्हणायचे, सांगितलं तर तो हत्यारं उचलून जेटीवरून समुद्रात टाकील."

समुद्रात टाकीन! चाळीस वर्षांच्या ओळखीनंतर तुझं माझ्याबद्दलचं मत हे. टाकलीही असती. पण ती माझी हत्यारं होती की नाही? टाकायची की ठेवायची, ते ठरवायला मी जिवंत होतो की नव्हतो?

पाणी न पिता उठलो. वहिनींना वाईट वाटलं असेल. तुझ्यामुळे त्यांच्याशीही तसा वागलो.

आता तुझ्यावर तोंडभर राग काढावा म्हणून बसतो, तर मधेच दुसरंच आठवतं. तू बोटीवरून रजेवर आला होतास. एसटी स्टँडजवळ माझं दुकान, मोटारींचे सेल्फ आणि डायनॅमो दुरुस्तीचं, हात कोपरापर्यंत काळे. तू रुमालात बांधलेलं एक घड्याळ माझ्यापुढे ठेवलंस. कुठल्या तरी बंदरावर भंगारवाल्याकडून घेतलेलं. म्हणालास, "चार घड्याळवाल्यांना दाखवलं. ते म्हणतात हे घड्याळ नाही, मोटारीचा पार्ट आहे. मोटारवाले म्हणतात हा पार्ट नाही, घड्याळ आहे. तुम्ही काय म्हणता?" मी म्हटलं, "मी काहीच म्हणत नाही, आधी उघडतो." तिथून सुरू झालं सगळं. आठ दिवस लागले मला. चालू झालं तेव्हा तू असा नाचलास की बाजूचा टायरवाला विचारायला आला, मुलगा झाला काय.

चौथीनंतर माझी शाळा सुटली. तुझ्याकडे घड्याळांच्या इंग्रजी यादीपुस्तकांची ट्रंक. पण मला न येणारं वाचताना तू कधी आवाज चढवला नाहीस. तू वाचायचास, मी ऐकायचो, मी सांगायचो, तू लिहून घ्यायचास. काचेभोवतीची कड फिरवून चावी द्यायचं घड्याळ कोणतं, खालून दोरी ओढायचं कोणतं, आरशात बसवायचं कोणतं. पुढे पुढे तू घड्याळावर फडकं टाकायचास आणि मी नुसत्या आवाजावरून गाडीचा देश सांगायचो. पाहुण्यांपुढे मला तसा मिरवायचास. मीही मिरवून घ्यायचो. तुझ्यामुळे डायनॅमोवाल्या रघ्याचा मिस्त्री झाला, आणि पुण्या-मुंबईचे शिकलेले लोक मला नमस्कार कळवायला लागले. ते मी विसरलेलो नाही. विसरता आलं असतं तर राग धरणं सोपं गेलं असतं.

आणि गेलास कोणाकडे, तर म्हादूकडे!

तुझ्यासमोरच माझं-म्हादूचं भांडण झालं होतं. म्हादूने एका फार जुन्या घड्याळाची पिवळी पडलेली तबकडी पुसून कोरी पांढरी केली, वर नवे आकडे काढले. मी त्याच्या दुकानात, गिऱ्हाइकासमोर म्हटलं, "तू कारागीर नव्हेस, रंगारी आहेस. दिवाळीला घरं रंगवायला घे." तो म्हणाला, "आणि तू धूळ राखणारा भुजंग." त्यानंतर मी चिपळुणात पाय ठेवला नाही. मुंबईला जाताना गाडी तिथे थांबली की मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघायचो. पुरात त्याचं दुकान बुडालं, तू म्हणालास, चल, चिखल काढायला दोन हात कमी आहेत. मी नाही आलो. तू एकटा गेलास, चार दिवस राहिलास. परत आल्यावर तू काही बोलला नाहीस, मी काही विचारलं नाही. तेव्हा यायला हवं होतं मी. हे तुला सांगायचं राहिलं.

पण त्या खुणा बघितल्यावर मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने निघालो. तुझीच एसटी.

म्हादू आता वरच्या मजल्यावर बसतो. पुरानंतर खाली बसायची त्याची छाती होत नाही. केस सगळे गेलेत. मला बघून उठलाही नाही.

"आलास? बस."

"बसायला नाही आलो."

"मग उभ्याने शिव्या दे. पण आटप लवकर, हातातलं काम सुकतंय."

"माझ्या घड्याळात तुझा हात कशाला?"

"तुझ्या घड्याळात तेल कशाला एवढं? वडे तळायचे होते?"

तेल! टाचणीच्या टोकावर राहील त्याच्या निम्मं तेल घालणारा माणूस मी. तुला माहीत आहे. म्हादूने मग शांतपणे सांगितलं. माझ्याकडून तयार झालेलं घड्याळ तू घरी नेऊन बॅटरीला लावायचास. दोन-तीन दिवस बरं चालायचं. मग तेल पसरून केसासारख्या बारीक स्प्रिंगला लागायचं, वेढे एकमेकांना चिकटायचे, आणि घड्याळ पळत सुटायचं. नाहीतर वीज जुळणाऱ्या पॉइंटवर तेल जळून काळं व्हायचं आणि बंद पडायचं. पहिल्यांदा बंद पडलं तेव्हा तू त्याच्याकडे गेलास, म्हणालास, एवढं एकदा कर, त्याला कळू देऊ नकोस, माझी शपथ आहे. मग पुन्हा एकदा. मग दर वेळी.

"शपथ घातली होती ना तुला त्याने? मग खूण कशाला मारलीस?"

"तोंड उघडायचं नाही अशी शपथ होती. सुईची नव्हती," म्हादू म्हणाला. "आणि खूण न करता पाठ लावायला माझा हात होत नाही रघ्या. तुझा झाला असता?"

नसता झाला.

"मला वाटलं, महिन्याभरात एखादं उघडशील आणि येशील भांडायला. अडीच वर्षं वाट बघितली मेल्या तुझी."

मग त्याने काट्यांची एक डबी काढली. "तेलाचं समजू शकतो. आपली वयं झाली. पण मला एवढं सांग, चांगले सरळ काटे वाकवतोस कशाला? दर घड्याळाचे काटे मला पुन्हा सरळ करावे लागतात."

"मी वाकवत नाही. वाकलेले येतात, ते मी सरळ करतो."

मग त्याने खणातली पोलादी पट्टी काढून माझ्यापुढे धरली. "ही कशी आहे?"

"मधे वाकली आहे. पाडलीस कुठे?"

त्याने पट्टी खाली ठेवली. मग म्हणाला, "रघ्या, डावा डोळा झाक आणि परत बघ." मी झाकला. उजव्या डोळ्याने पट्टी नुसती वाकडी नव्हती, मधला भागच नव्हता. उजवा डोळा म्हणजे माझा भिंगाचा डोळा. हातातलं काम तसंच टाकून म्हादूने दुकानाला कुलूप घातलं आणि मला रिक्षात घालून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. ज्या माणसाला मी रंगारी म्हटलं, त्याने.

डॉक्टरीण बाई समजावून सांगणारी होती. म्हणाली, हा मोतीबिंदू नव्हे, डोळ्याच्या आतल्या पडद्याचं दुखणं आहे. यात सरळ रेघ वाकडी दिसते. विचारलं, कधीपासून असं दिसतंय? मी सांगितलं, दोन-अडीच वर्षं काटे वाकडे येतायत. ती म्हणाली, "आजोबा, तेव्हाच आला असतात तर बरंच वाचवता आलं असतं. आता उजवा फारसा परत यायचा नाही. डावा सांभाळू."

आता ऐक. मागच्या गणपतीच्या आधी मी तुला एक काटा दाखवला होता. म्हटलं होतं, "मनोहर, हल्ली सगळे काटे वाकडेच कसे येतात रे?" तू तो हातात घेतलास. खिडकीकडे धरून बघितलास. तो सरळ होता. तुला दिसलं की तो सरळ आहे. आणि तू म्हणालास, "डॅशबोर्डावर ऊन लागतं ना. वाकत असतील."

ऊन! धातूचा काटा उन्हाने वाकतो? आयुष्यभर तांब्या-पितळेत हात घातलेला माणूस मी, दुसरं कोणी असं बोललं असतं तर त्याला दुकानाबाहेर काढलं असतं. पण तू म्हणालास म्हणून मी मानलं. जे मला वाचता येत नाही ते तू वाचून सांगायचास आणि मी मानायचो, तीच सवय. तू सांगतोस ते खरं, एवढ्यावर तर आपलं सगळं चाललं होतं. इतक्या वर्षांत मी तुझं एक अक्षर कोणाकडून तपासून घेतलं नाही. आणि तू त्याच विश्वासाचा उपयोग केलास मला गप्प बसवायला.

मला कळतं, डोळ्याचं तुला माहीत नव्हतं. तुला वाटलं म्हाताऱ्याचा हात थकला, तेवढं झाकून नेऊ. वाईट हेतू नव्हता, हे वहिनींनी सांगितलं, म्हादूने सांगितलं, डॉक्टरीण बाईला सांगितल्यावर तीही म्हणाली, मित्राने प्रेमापोटी केलं असेल. सगळ्यांना तुझं प्रेम दिसतं. माझा डोळा गेला तो कोणाला दिसत नाही.

तुझं-माझं एक भांडण कायमचं चालू होतं. तू म्हणायचास, गिऱ्हाइकाला नव्यासारखं हवं असेल तर द्यावं, डाग झाकावा. मी म्हणायचो, डाग हा घड्याळाचा आहे, आपला नाही, त्याला हात लावायचा नाही. तू जाण्याच्या चार दिवस आधी पावस गावच्या बागवाल्यांच्या घड्याळावरून हेच झालं. तबकडीवर तपकिरी कडं उमटलंय. तू म्हणालास, जरासा रंग दिला तर काय बिघडतं? मी म्हटलं, माझ्या टेबलावर नाही. तू चिडून चहा अर्धा टाकून गेलास. जाताना म्हणालास, "तुझ्यापुढे कोणी काही बोलायची सोय नाही रघ्या." मला वाटलं तबकडीबद्दल बोलतोयस.

तेव्हा सांगणार होतास का? ओठावर आलं होतं का? हे मला आता कोण सांगणार?

एक मात्र सांगतो, तू सांगितलं असतंस तर काय झालं असतं. तुझं भाकीत बरोबर होतं. मी आरडाओरडा केला असता. तुला दुकानातून घालवलं असतं. सहा महिने तोंड बघितलं नसतं तुझं, रस्त्यात दिसलास तर कुंपणाकडे बघत गेलो असतो. आणि सहा महिन्यांनी तुझ्या पडवीत येऊन बसलो असतो, वहिनींना म्हटलं असतं, चहा टाका. तू मला एवढं ओळखायचास, मग हे पुढचं कसं ओळखलं नाहीस? माझ्या सहा महिन्यांच्या रागाची तुला एवढी भीती वाटली? त्यापेक्षा अडीच वर्षं एसटीत धक्के खाल्लेस, सत्तरी उलटल्यावर, छातीचं दुखणं अंगावर काढून. माझ्यासाठी दगदग केलीस, असं वहिनी म्हणाल्या. मी सांगितली नव्हती ती दगदग. त्या दगदगीने तू लवकर गेलास की काय, हेही आता मीच डोक्यात घेऊन फिरायचं.

पावसचं घड्याळ माझ्या टेबलावर पडून होतं. कड फिरवून चावी द्यायचं, आठ दिवस चालणारं, तू फार दिवस शोधत होतास तसलं. चिपळूणहून आल्यावर दोन दिवस मी त्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दार लावून बसलो. म्हटलं, डावा डोळा आहे. डाव्याला भिंग लावलं. चाळीस वर्षं उजव्याने काम केलेला माणूस मी, डाव्याने चिमटा भलत्याच ठिकाणी उतरतो. बारीक स्प्रिंगजवळ गेलो. एकाची दोन दिसायला लागली. आणखी केसभर जोर आणि ते घड्याळ मी कायमचं मारलं असतं. चिमटा खाली ठेवला. कोणी बघत नव्हतं, तरी मला लाज वाटली. मग लाज गेली आणि नुसतं रिकामं वाटलं.

त्याच दुपारी पावसला फोन केला. बागवाल्यांना म्हटलं, हे काम माझ्याच्याने होणार नाही, माझा डोळा गेलाय. चिपळूणला एकजण आहे, माझ्याइतकाच चांगला आहे. "तुमची हरकत नसेल तर त्याच्याकडे नेतो." ते म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, मिस्त्री." एवढंच. आभाळ कोसळलं नाही. इतकं सोपं होतं ते बोलणं, आणि तू मला ते कधी करूच दिलं नाहीस.

काल गेलो. म्हादूने घड्याळ उलटसुलट बघितलं. तबकडीवरचं कडं बघून माझ्याकडे तिरका डोळा केला. मी म्हटलं, "रंग लावलास तर हात मोडीन." तो म्हणाला, "आधी मोडायला सापडायला तर हवा ना हात तुला." आम्ही दोघंही हसलो. फार वर्षांनी हसलो. तू असायला हवा होतास, म्हणून मला लगेच परत तुझा राग आला.

त्याने नोंदवही ओढली. सवयीने विचारलं, "आणलं कोणी म्हणून लिहू? मनोहरच लिहीत आलोय आजवर."

"रघुनाथ लिही," मी म्हटलं. "मला दिसत नाही, म्हणून मी आणलंय."

हे एवढं वाक्य बोलायला मला एक श्वास लागला, मनोहर. तू ते अडीच वर्षं स्वतःच्या पिशवीत घालून हिंडलास.